मिरजेचे डॉक्टर सर विल्यम वानलेस, व शस्त्रक्रियागृहातील परिचारिका



आपल्या धाराशिव जिल्ह्यातील वयस्क मंडळींस बार्शी लाईट रेल्वेची ती अरुंद रुळांवरून धावणारी लहान आगगाडी अजून आठवत असेल. १८९७ साली ती प्रथम कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे १९०६ साली ती पंढरपुरास, १९११ साली येडशी व तडवळे ह्या आपल्या गावांवरून लातुरास, आणि १९२७ साली मिरजेस जाऊन पोहोचली. त्या वेळी आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, व लातूर हाही ह्याच जिल्ह्याचा तालुका होता. पंढरीचे नाव काढले म्हणजे जसा विठोबा डोळ्यांपुढे उभा राहावा, तसे मिरजेचे नाव काढले की लोकांस इस्पितळ आठवे. ज्या रोग्याविषयी गावच्या वैद्याने हात टेकले, ज्याच्या डोळ्यांवर पडदा आला, ज्याच्या पोटात गाठ झाली किंवा जो मुतखड्याने रात्रंदिवस तळमळत असे, त्याला मिरजेस न्या, असे शहाणी माणसे सांगत. हा लौकिक ज्या एका गृहस्थाच्या श्रमाने उभा राहिला ते डॉक्टर विल्यम जेम्स वानलेस होत. त्यांचे चरित्र आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

परंतु हे चरित्र सांगताना आम्ही एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. रोगी बरा होऊन गावी परत आला म्हणजे आपण विचारतो की, कोणत्या डॉक्टरांनी कापले? ज्या हाताने सुरी धरली त्याचे नाव चावडीपासून पाणवठ्यापर्यंत सर्वत्र होते. पण ती सुरी आदल्या दिवशी कोणी स्वच्छ केली, कपडे कोणी वाफेत शिजवले, पोटात गेलेली प्रत्येक घडी बाहेर आली की नाही हे कोणी मोजले, आणि रात्री रोगी शुद्धीवर येईपर्यंत उशाशी कोण बसले, हे कोणी विचारीत नाही. डॉक्टर वानलेस हे स्वतः मोठे शस्त्रवैद्य असून त्यांस ही गोष्ट पूर्ण ठाऊक होती. म्हणूनच त्यांच्या इस्पितळाबरोबर परिचारिकांची शाळाही वाढली, आणि त्या दोहोंची गोष्ट एकत्रच सांगितली पाहिजे.

विल्यम वानलेस ह्यांचा जन्म १८६५ साली कॅनडा देशातील ऑन्टेरिओ प्रांतात झाला. ते वर्ष शस्त्रवैद्यकीच्या इतिहासात फार मोठे आहे. त्याच वर्षी स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी जोसेफ लिस्टर नावाच्या शस्त्रवैद्याने, गाडीखाली पाय सापडून हाड मोडलेल्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडाने भिजवलेली पट्टी बांधली, आणि जखमेत पू न होता तो मुलगा बरा झाला. तोपर्यंत अशी स्थिती होती की, शस्त्रक्रिया उत्तम रीतीने पार पडे, पण चार दिवसांनी जखम चिघळे, ताप चढे आणि रोगी दगावे. अठराशे सत्तेचाळीस साली सिम्पसन ह्यांनी क्लोरोफॉर्म हे औषध प्रचारात आणल्यामुळे वेदना नाहीशा झाल्या होत्या खऱ्या. पण मरण काही हटले नव्हते. डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतू जखमेत शिरतात व ते बहुधा माणसाच्या हातांवरून, हत्यारांवरून व कपड्यांवरून येतात, हे ज्ञान त्या काळी नुकतेच उदयास येत होते. बालक विल्यम जसजसा वाढत गेला तसतसे हे ज्ञानही वाढत गेले, व तो तरुण वयात वैद्यकी शिकावयास न्यूयॉर्क येथे गेला तेव्हा स्वच्छता हाच शस्त्रवैद्यकीचा पाया होय असे नव्या पिढीला शिकवले जात होते.

१८८९ साली त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली, आणि त्याच वर्षी प्रेसबिटेरियन मिशनच्या वतीने ते आपली पत्नी मेरी ह्यांच्यासह हिंदुस्थानास निघाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. आपल्या देशी राहिले असते तर त्यांस धन व मान दोन्ही मिळाले असते ह्यात संशय नाही. त्यांनी दक्षिण महाराष्ट्रात प्रथम सांगली येथे दवाखाना उघडला, व पुढे ते काम जवळच्या मिरजेस आणले. मिरज हे पटवर्धन घराण्याचे संस्थान होते, आणि पुण्याहून दक्षिणेकडे जाणाऱ्या व कोल्हापुराकडे जाणाऱ्या आगगाड्या तेथे मिळत असल्यामुळे दूरदूरच्या रोग्यांस तेथे येणे सोपे होते. फिलाडेल्फिया येथील जॉन कॉन्व्हर्स ह्या गृहस्थांनी इमारतीसाठी द्रव्य दिले. हे गृहस्थ आगगाडीची एंजिने बांधणाऱ्या बाल्डविन नामक मोठ्या कारखान्याचे एक चालक होते. ह्याप्रमाणे १८९४ साली मिरजेच्या इस्पितळाचे दार रोग्यांसाठी उघडले.

इमारत झाली, डॉक्टर होते, हत्यारेही होती. परंतु शुश्रूषा करणारे हात नव्हते. आपल्या देशातील रीत अशी की, आजाऱ्याबरोबर त्याचे सर्व गणगोत येते. आई उशाशी, भाऊ पायथ्याशी, आणि बाहेर झाडाखाली तीन दगडांची चूल. हे प्रेम मोठे खरे. पण ह्या प्रेमाने शस्त्रक्रियेच्या रोग्याचा प्राण वाचत नाही, उलट कधी कधी जातो. भुलीतून नुकत्याच सावध होणाऱ्या मुलास तहान लागली म्हणून आईने लोटीभर पाणी पाजावे, जखमेची आग होते म्हणून आजीने पट्टी उकलून हळद दाबावी, असे प्रकार कोणत्या गावच्या माणसास नवे आहेत? त्यात कोणाचा दोष नाही; कारण ज्ञान नसले म्हणजे मायेलाही वाट सापडत नाही. डॉक्टर एकटा कापील, पण तो एकटा चोवीस तास जागणार नाही. तेव्हा मायेबरोबर ज्ञान असलेली माणसे तयार करणे हाच मार्ग उरला होता.

१८९७ साली, म्हणजे इस्पितळ उघडल्यास पुरती तीन वर्षे होतात न होतात तोच, मिरजेस वैद्यकीची शाळा व परिचारिकांची शाळा अशा दोन शाळा सुरू झाल्या. हे वर्ष कसे होते हे वाचकांनी ध्यानात आणावे. मुंबईस प्लेग येऊन तो दख्खनभर पसरत होता, आणि पाऊस गेल्यामुळे महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता. पुष्कळांनी असा काळ पाहून हाती होते तेवढेच सांभाळले असते. वानलेस ह्यांनी तसे न करता शिकवण्याचे ओझे डोक्यावर घेतले. एक डॉक्टर जन्मभर झटला तरी तो किती रोग्यांस पुरणार? पण त्याने शिकवलेली माणसे गावोगावी गेली तर त्याचे काम त्याच्यामागेही चालते, हा विचार त्यांच्या सर्व कार्याच्या मुळाशी होता.

आता ह्या शाळेत येणार कोण? आज एखाद्या घरची मुलगी नर्स झाली म्हणजे शेजारीपाजारी कौतुक करतात. पण त्या काळी तसे नव्हते. रक्त, पू, मलमूत्र ह्यांस शिवणे हे हलके काम समजले जाई. परपुरुषाची शुश्रूषा करणाऱ्या मुलीचे लग्न कसे व्हावे, ही आईबापांस काळजी. सोवळ्याओवळ्याच्या समजुतीमुळे अनेक जातींतील घरांनी ह्या धंद्याकडे पाठ फिरवली. त्यामुळे हिंदुस्थानात फार काळपर्यंत परिचारिकांमध्ये ख्रिस्ती स्त्रियांचीच संख्या मोठी होती. त्यांतील पुष्कळ जणी खेड्यांतील गरीब घरांच्या होत्या. त्यांस टोमणे ऐकावे लागले, पाण्याच्या घागरीवरून बोल सोसावे लागले. तरी ज्या हातांस गाव शिवून घेत नव्हते, त्याच हातांनी गावाच्या जखमा धुतल्या. हे आपल्या मंडळ्यांच्या इतिहासातील एक मोठे पान आहे, व ते आपल्या मुलांस सांगितले पाहिजे.

शस्त्रक्रियागृहात परिचारिकेचे काम नेमके काय, हे ज्यांनी ते घर आतून पाहिले नाही त्यांच्यासाठी येथे सांगतो. त्या कामाचा आरंभ रोगी टेबलावर येण्याच्या पुष्कळ आधी होतो. आदल्या दिवशी रोग्यास स्नान घालावयाचे, जेथे कापावयाचे तेथील कातडी साबणाने स्वच्छ करावयाची, पोट रिकामे ठेवावयाचे, आणि नातलग लपवून भाकरी देत नाहीत ना हे पाहावयाचे. पहाटे शस्त्रक्रियागृहाची जमीन व भिंती पुसून काढावयाच्या. डगले, चादरी व गाजेच्या घड्या पत्र्याच्या डब्यांत भरून ते डबे दाबलेल्या वाफेत ठेवावयाचे, म्हणजे कापडाच्या पोटातील जंतूही मरतात. हत्यारे सोडा घातलेल्या पाण्यात उकळावयाची, कारण सोड्यामुळे लोखंडास गंज चढत नाही. पण सुरीची धार उकळल्याने बोथट होते, म्हणून तिला निराळ्या द्रवात बुडवून ठेवीत. कोणती वस्तू कशाने शुद्ध होते व कशाने बिघडते हे सर्व तोंडपाठ असावे लागे. विजेची सोय नसलेल्या दिवसांत ही सर्व वाफ लाकडाच्या व कोळशाच्या विस्तवावर करावी लागे. तेव्हा त्या पहाटेच्या श्रमांची कल्पना वाचकांनीच करावी.

मग हात. ब्रशाने व साबणाने कोपरापर्यंत हात घासावयाचे, नखांखालचा मळ काढावयाचा, आणि नंतर जंतुनाशक पाण्यात ते बुडवावयाचे. ही औषधे इतकी जहाल असत की, कित्येकींच्या हातांची कातडी फुटे. ह्याविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या सुमारास वानलेस पतिपत्नी आपल्या देशी येऊन पोहोचली, त्याच १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात कॅरोलिन हॅम्पटन नावाची शस्त्रक्रियागृहाची परिचारिका होती. पाऱ्याच्या औषधाने तिचे हात इतके सोलवटले की तिला काम करणे अशक्य होऊ लागले. तेथील शस्त्रवैद्य हॉलस्टेड ह्यांनी रबराच्या कारखान्याकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. पुढे असे दिसून आले की, ह्या मोज्यांनी परिचारिकेचे हात वाचतातच, पण रोग्याची जखमही वाचते. आज जगातील प्रत्येक शस्त्रवैद्य जे हातमोजे घालतो, त्यांचा उगम एका परिचारिकेच्या दुखऱ्या हातांत आहे.

शस्त्रक्रिया चालू असता दोन परिचारिकांची कामे अगदी वेगळी असतात. एकीने हात धुऊन, शुद्ध डगला व मोजे घालून शस्त्रवैद्याजवळ उभे राहावयाचे. कोणते हत्यार कोणत्या क्षणी लागेल हे तिला आधीच समजले पाहिजे. डॉक्टरांनी नुसता हात पुढे केला की चिमटा, कात्री किंवा सुईदोरा त्यांच्या तळहातावर आला पाहिजे. तिने शुद्ध केलेल्या वस्तूंखेरीज कशासही शिवता कामा नये. नाकावर माशी बसली तरी हात वर नेता कामा नये. दुसरी परिचारिका ह्याच्या उलट. तिचे हात तसे शुद्ध केलेले नसतात. म्हणून ती शुद्ध वस्तूंस शिवत नाही, पण बाकी सर्व खोली तिच्या ताब्यात असते. प्रकाश सरकवणे, पाणी आणणे, नवे डबे उघडणे, रोग्याचा देह नीट ठेवणे, लिहून ठेवणे, दार राखणे ही तिची कामे. एखाद्याच्या डगल्याची बाही चुकून अशुद्ध जागी लागली, तर ते पाहणारी व निर्भयपणे सांगणारी बहुधा हीच असते.

रोग्याच्या डोक्याशी भूल देणारा बसे. क्लोरोफॉर्मचे थेंब तोंडावरच्या जाळीवर टाकीत असता श्वास मंद होतो काय, ओठ निळे पडतात काय, हे क्षणोक्षणी पाहावे लागे. आपल्या जिल्ह्यास हे ऐकून नवल वाटेल की, क्लोरोफॉर्मने माणसे का दगावतात ह्याचा शोध करण्यासाठी १८८८ व १८८९ साली जे दोन प्रसिद्ध मंडळ बसले ते आपल्याच जुन्या राजधानीत, हैदराबादेस, निजाम सरकारच्या आश्रयाने, डॉक्टर लॉरी ह्यांच्या पुढाकाराने बसले होते. श्वासावर अखंड नजर ठेवा, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष होता. हृदयासही धोका असतो, त्यासाठी नाडीवरही बोट असले पाहिजे, हे पुढील शोधांनी ठरवले. पण नजर क्षणभरही न हलवणारे माणूस तेथे पाहिजे, ही गोष्ट दोन्ही मतांत सारखीच राहिली.

आता आम्ही अशा एका कामाकडे येतो की, जे दिसावयास सर्वांत लहान व परिणामी सर्वांत मोठे आहे. ते म्हणजे मोजणे. पोट उघडल्यावर रक्त टिपण्यासाठी गाजेच्या घड्या आत ठेवाव्या लागतात. रक्ताने भिजलेली घडी आतड्यांमध्ये अशी मिसळून जाते की, तीक्ष्ण डोळ्यांसही ती दिसत नाही. ती आत राहून गेली तर जखम वरून भरून येते, रोगी आनंदाने घरी जातो, आणि पुढे पोटात पू होऊन त्याचा घात होतो. ह्यासाठी कापण्यापूर्वी सर्व घड्या, सुया व हत्यारे मोजावयाची. पोट शिवण्यापूर्वी पुन्हा मोजावयाची. आणि कातडीचे टाके घालून होईपर्यंत आणखी एकदा मोजावयाची. हे मोजणे दोघींनी, तोंडाने उच्चार करून करावयाचे असते. समजा, वीस घड्या आत गेल्या आणि एकोणीसच हाती लागल्या. डॉक्टर दमलेले आहेत, बाहेर दुसरा रोगी थांबला आहे, भूल फार वेळ चालली आहे. अशा वेळी खेड्यातून आलेल्या वीस वर्षांच्या मुलीने, ज्यांचे नाव दहा जिल्ह्यांत गाजत आहे अशा शस्त्रवैद्यास म्हणावयाचे की, साहेब, थांबा, एक कमी आहे. असे म्हणण्यास किती धैर्य पाहिजे! आणि ते ऐकून थांबण्यास डॉक्टरांच्या अंगी किती नम्रता पाहिजे! जेथे मुलगी भिऊन गप्प बसेल तेथे रोगी मरेल. आणि जेथे डॉक्टर तिच्यावर रागावेल तेथे पुढच्या वेळी ती गप्पच बसेल. म्हणून चांगल्या शस्त्रक्रियागृहात मोजणाऱ्या परिचारिकेचा शब्द त्या क्षणी शस्त्रवैद्याच्या शब्दाहून मोठा मानतात. जातीने, वयाने, विद्येने व पगाराने खालच्या मानलेल्या माणसाचे खरे बोलणे वरच्याने मुकाट्याने ऐकून घ्यावे, असा नियम आपल्या समाजात दुसऱ्या किती ठिकाणी सापडेल?

शस्त्रक्रिया संपली म्हणजे डॉक्टरांचे काम थांबते. परिचारिकेचे तेव्हा नव्याने सुरू होते. भुलीतील रोग्याची मान एका बाजूस वळवून ठेवावी, नाही तर वांती घशात अडकून तो गुदमरेल. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळाव्या, कारण बेशुद्ध माणसास चटका बसल्याचे कळत नाही. पट्टीवर रक्त दिसते काय, नाडी जलद होते काय, लघवी झाली काय, हे तासातासाने लिहून ठेवावे. मोतीबिंदू काढलेल्या रोग्यांस तर त्या काळी विशेष जपावे लागे. डोळ्यास टाके घालण्याची चाल रूढ झालेली नव्हती. म्हणून दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवून, रोग्यास कित्येक दिवस उताणे निजवून ठेवीत. मिरजेस डोळ्यांच्या अशा हजारो शस्त्रक्रिया झाल्या. जन्मभर पहाटे उठून मोट हाकणाऱ्या शेतकऱ्याने हलू नये, खोकू नये, उठून बसू नये, हे त्याला कोण समजावणार? त्याला घास भरवणारी, त्याची कूस न वळवता त्याला पुसून काढणारी, अंधारात घाबरला तर हात धरणारी परिचारिका नसती, तर डॉक्टरांनी क्षणात केलेले कौशल्याचे काम एका खोकल्याने वाया गेले असते. पट्टी सुटल्यावर म्हाताऱ्यास प्रथम दिसे तो बहुधा तिचाच चेहरा.

वानलेस ह्यांचे कार्य पुढे वाढत गेले. १९०० साली कुष्ठरोग्यांसाठी मिरजेस आश्रयस्थान उघडले. ज्यांस गावाने वेशीबाहेर घालवले त्यांच्या जखमा बांधण्याचे कामही शिकलेल्या हातांखेरीज होणारे नव्हते. त्यांची पत्नी मेरी ह्यांचे नाव कोल्हापूर येथील मिशनच्या इस्पितळास देण्यात आले. कोल्हापूरचे शाहू छत्रपती ह्यांचा डॉक्टर वानलेस ह्यांच्याशी स्नेह होता. परंतु राजवाड्यातून आलेला रोगी आणि बैलगाडीतून आलेला रोगी ह्यांच्यासाठी वाफेचे डबे एकच, टेबल एकच आणि मोजणीही एकच, हीच शस्त्रक्रियागृहाची रीत असते. सुरी हाती घेण्यापूर्वी प्रार्थना करण्याची मिशनच्या इस्पितळांत चाल होती. तथापि प्रार्थना केली म्हणून हात कमी घासावे असे कोणी समजत नसे. श्रद्धा व दक्षता ह्या दोन बहिणी असून एकीने दुसरीचे काम टाळावयाचे नसते, हे तेथे रोज शिकावयास मिळे.

सुमारे एकोणचाळीस वर्षांच्या सेवेनंतर १९२८ साली डॉक्टर वानलेस ह्यांनी हिंदुस्थानचा निरोप घेतला. त्याच वर्षी सरकारने त्यांस सर ही पदवी दिली. आपल्या येडशीची लहान गाडी मिरजेस पोहोचून त्या वेळी जेमतेम वर्ष झाले होते. म्हणजे आपल्या जिल्ह्यातून थेट मिरजेस जाण्याची सोय झाली ती त्यांच्या निरोपाच्या सुमारास. परंतु काम त्यांच्यावाचून अडले नाही. त्यांचे सहकारी डॉक्टर व्हेल ह्यांनी ते पुढे चालवले, शाळांतून शिकलेली माणसे होतीच, आणि सांगली व मिरज ह्यांच्यामध्ये क्षयरोग्यांसाठी त्यांच्या नावाचे आरोग्यधाम उभे राहिले. त्या जागेस लोक वानलेसवाडी म्हणू लागले. १९३३ सालच्या मार्च महिन्यात सर विल्यम वानलेस अमेरिकेत वारले. त्या वेळी त्यांचे वय सदुसष्ट वर्षांचे होते.

त्यांच्यामागे काळ पुष्कळ बदलला. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिकांची नोंदणी करण्याचा कायदा झाला, व १९४७ साली सर्व देशासाठी भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा झाला. त्यामुळे हे काम म्हणजे दासीपण नसून शिकून मिळवलेली विद्या आहे, हे सरकारदरबारी मान्य झाले. १९६२ साली मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, व त्याच्या आरंभीच्या काळात वानलेस ह्यांचे इस्पितळ विद्यार्थ्यांस शिकवण्याच्या उपयोगी पडले. क्लोरोफॉर्म मागे पडून अधिक निर्धोक औषधे आली. पण मोजणी गेली नाही. उलट २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांतील शस्त्रक्रियागृहांसाठी एक यादी प्रसिद्ध केली. तिच्याप्रमाणे तीन वेळा थांबावयाचे असते: भूल देण्यापूर्वी, कापण्यापूर्वी, आणि रोग्यास खोलीबाहेर नेण्यापूर्वी. हा रोगी तोच काय, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, घड्या व सुया पुरत्या आहेत काय, हे सर्वांनी मोठ्याने विचारून घ्यावयाचे. दिल्लीसह जगातील ८ शहरांच्या इस्पितळांत ह्या यादीची परीक्षा पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडवरून शेकडा ०.८ वर आले असे २००९ साली प्रसिद्ध झाले. नवे यंत्र नाही, महाग औषध नाही. केवळ थांबणे, विचारणे व मोजणे ह्यांनी इतकी माणसे वाचली. जुन्या परिचारिकांनी कंदिलाच्या उजेडात जे केले, तेच आज जगाने यादी करून भिंतीवर लावले आहे.

वाचकहो, उस्मानाबाद हे नाव जाऊन २०२३ साली आपल्या जिल्ह्यास धाराशिव हे नाव परत मिळाले, आणि त्याच्या थोडेसे आधी येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. आता आपल्या रोग्यांस दोन गाड्या बदलून मिरज गाठण्याची पूर्वीसारखी गरज नाही. परंतु जेथे इस्पितळ वाढते तेथे परिचारिकाही वाढल्या पाहिजेत, आणि त्या आपल्याच गावांतून यावयाच्या आहेत. म्हणून मंडळीच्या पुढाऱ्यांस व सुवार्तिकांस आमची विनंती आहे की, त्यांनी शाळेतील मुलामुलींकडे ह्या दृष्टीने पाहावे. जी मुलगी दुकानदाराने चुकून दिलेला अधिक पैसा परत नेऊन देते, जिला सांगितलेले काम कोणी पाहत नसतानाही तसेच करण्याची सवय आहे, जी थोरांपुढे अदब ठेवते पण खरे सांगावयास कचरत नाही, तिच्या अंगी शस्त्रक्रियागृहास लागणारे मुख्य गुण आहेत. बाकीचे शाळा शिकवील. आता ह्या शाळांत मुलगेही जातात, व त्यांसही हे तितकेच लागू आहे. तिच्या आईबापांस लग्नाची किंवा लोकापवादाची चिंता वाटत असेल, तर मिरजेच्या पहिल्या परिचारिकांनी त्याहून मोठा अपवाद सोसला, हे त्यांस सांगावे.

आणि आपल्या घरचे कोणी शस्त्रक्रिया होऊन बरे होऊन आले, तर डॉक्टरांस हार घालण्यापूर्वी नातलगांनी वॉर्डात एक फेरी मारावी. ज्या बाईने रात्री नाडी पाहिली तिला नमस्कार करावा, व शस्त्रक्रियागृहात मोजणी करणाऱ्या परिचारिकेचे नाव विचारून घ्यावे. ते नाव घरी येऊन मुलांस सांगावे. सर विल्यम वानलेस ह्यांच्या नावाची वाडी झाली, इस्पितळ झाले. त्यांच्या टेबलाजवळ उभ्या राहिलेल्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. पण त्यांनी बरोबर मोजले म्हणून जी माणसे घरी परतली, त्यांची नातवंडे-पतवंडे आज आपल्या गावांत नांदत आहेत.